कार्डाचं बिल थकलं, दारात वसुलीवाले आले : पाथर्डी फाट्यावरच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे मिस्टर नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात आहेत. ओव्हरटाइम बंद झाला आणि हातात येणारा पगार २८,००० वर आला. दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकावर १,४३,००० रुपये, दुसऱ्यावर ६८,०००. चार महिन्यांत एक रुपयाही भरलेला नाही. परवा पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या सोसायटीत दोन माणसं येऊन वॉचमनकडे चौकशी करून गेली. व्हॉट्सॲपवर अटक वॉरंटचा फोटो आला. त्यातलाच एक जण म्हणतो, मोठ्या कार्डाचे ६०,००० द्या, वीस-वीस हजारांचे तीन चेक लिहा, विषय संपवून टाकतो. तुम्ही पाटल्या मोडायच्या विचारात आहात. तुम्ही विचारलंय की पोलीस येतील का, फ्लॅट जाईल का, आणि हे माझ्या अंगावर येईल का.

तिन्हींची उत्तरं आधी देतो. पोलीस येणार नाहीत. फ्लॅट जाण्याची शक्यता जवळपास नाही. तुमच्या अंगावर काही येत नाही. मला काळजी वाटते ती तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टींची. एक म्हणजे ते तीन चेक. आणि दुसरी तुम्ही सहज जाता जाता लिहिलीत, की ६८,००० वालं कार्ड ज्या बँकेचं आहे त्याच बँकेत मिस्टरांचा पगार जमा होतो.

मी एकोणीस वर्षं कार्डांच्या वसुलीत काढली. शरणपूर रोडवरच्या एका ऑफिसातून सातपूर, सिडको, नाशिकरोड, पंचवटी असे भाग पोरांना वाटून द्यायचं काम होतं. आता काही वर्षं टेबलाच्या तुमच्या बाजूला बसतो. त्यामुळे त्या दोन माणसांना सकाळच्या मीटिंगमध्ये काय सांगितलं गेलं असेल, हे मला साधारण माहीत आहे.

आधी बिल कसं फुगलं ते पाहू, कारण तुमचा सगळ्यात मोठा राग तिथेच दिसतो. तुम्ही म्हणता, खर्च १,१८,००० चा होता, मग १,४३,००० कुठून आले? बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १,१८,००० वर महिन्याचं व्याज झालं ४,१३०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७४३. वर लेट फी. ती १,३०० धरली तर जीएसटीसकट १,५३४. बेरीज ६,४०७ रुपये महिन्याला. चार महिन्यांचे झाले साडेपंचवीस हजार. बँकेने चोरी केलेली नाही; कार्डावर सही केली तेव्हा हे सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. हे व्याज फार आहे, कुणी रोखत कसं नाही, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे ‘व्याज बेकायदेशीर आहे’ या मुद्द्यावर वकिलाला पैसे देऊ नका.

थकण्याच्या आधी वर्षभर तुम्ही मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरत होतात, तेही सांगायला हवं. लोकांना वाटतं मिनिमम भरलं की हप्ता भरला. एक लाख बाकी असेल आणि बँकेने पाच टक्के मिनिमम लावला असेल तर तुम्ही भरता ५,०००, त्यातले ४,१३० व्याज आणि जीएसटीत जातात आणि मूळ रक्कम कमी होते ८७० रुपयांनी. शिवाय मागची बाकी शिल्लक असताना नवीन घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्ड घासलं त्या दिवसापासून मीटर पडतो. मिनिममने लेट फी वाचते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात, उशिराचा डाग पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. एखाद-दुसऱ्या अडचणीच्या महिन्यात तो जरूर करावा. वर्षभर केला की तुमच्यासारखं होतं.

आता बँकेच्या आत काय चालतं ते सांगतो. बिलाची शेवटची तारीख उलटली की लगेच आभाळ कोसळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार उशीर तीन दिवसांपेक्षा जास्त झाला तरच लेट फी लावता येते आणि तरच सिबिलसारख्या संस्थांना कळवता येतं. लेट फी सुद्धा थकलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. पण कळवताना त्या तीन दिवसांची सूट धरत नाहीत, दिवस मूळ तारखेपासूनच मोजले जातात. मग खाती ‘बकेट’मध्ये पडतात. तीस दिवसांपर्यंत पहिली, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. पहिल्या बकेटला बोलणारी मुलगी गोड असते, कारण तिचं काम फक्त आठवण करून देणं. तिसऱ्या बकेटला फोन एजन्सीकडे जातो आणि भाषा बदलते. शेवटच्या तारखेपासून नव्वद दिवसांत मिनिमम ड्यूसुद्धा पूर्ण आला नाही की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज. त्यानंतर काही महिन्यांनी बँक ते राईट ऑफ करते. राईट ऑफ म्हणजे माफी असा गैरसमज आमच्या सिडकोत फार पसरलेला आहे. तसं नसतं, बँक आपल्या हिशेबातून ते काढते, तुमच्या खांद्यावरून नाही. पुढे कधी हे कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं जातं आणि सिबिलमध्ये तुम्ही नावही न ऐकलेली कंपनी दिसायला लागते. तशा कंपनीचा फोन आला तर कर्ज त्यांच्याकडे वर्ग झाल्याचं पत्र मागा, मगच बोला.

तुम्ही नव्वद दिवस ओलांडलेत. म्हणजे गोड मुलीचा काळ गेला. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने झाली: सूट देण्याचे अधिकार असलेल्या माणसांच्या टेबलावर तुमची फाईल आता आली आहे. पहिल्या महिन्यात कुणी तुम्हाला एक रुपया सोडला नसता.

पोलिसांचं आता सविस्तर. कार्डाचं बिल न भरणं हा दिवाणी व्यवहार आहे. पैसे नाहीत म्हणून पोलीस अटक करत नाहीत आणि वसुलीही करत नाहीत. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू लागतो. खोटी सॅलरी स्लिप देऊन कार्ड घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या मिस्टरांनी तसं काही केलेलं नाही आणि दोन वर्षं नीट भरलेलंही आहे. तो व्हॉट्सॲपवरचा वॉरंट मी पाहिला. वर राजमुद्रा, खाली तीन वेगवेगळ्या कायद्यांची कलमं, त्यात ४२०, जे जुन्या दंडसंहितेतलं आहे आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून बदलली. बनवणाऱ्याने फाईलसुद्धा नवीन केलेली नाही. ‘विलफुल डिफॉल्टर घोषित करू’, म्हणजे ऐपत असून बुडवणारा ठरवू, हेही त्यात आहे. त्या यादीसाठी किमान २५ लाखांची थकबाकी लागते. हा फोटो डिलीट मात्र करू नका. तक्रारीत तोच तुमचा सगळ्यात भारी कागद आहे.

मग खरी केस कधी होते? दोन-चार वाटा आहेत. वीस लाखांच्या आतल्या बिनतारण कर्जासाठी बँकेला दिवाणी न्यायालयातच जावं लागतं, कर्जवसुली न्यायाधिकरण त्याच्या वरच्या रकमांसाठी. कधी बँक समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दिवाणी दावा, लावते. समन्स हातात पडल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, नाहीतर एकतर्फी निकाल. कधी मुंबई किंवा चेन्नईहून लवादाची नोटीस ई-मेलवर येते. बँकेने एकटीनेच नेमलेला लवाद चालत नाही, या अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं २०१९ पासून आहे, पण तुम्ही गप्प न बसता लेखी हरकत घेऊन ठेवा. आणि तुमच्या रकमेत सगळ्यात जास्त शक्यता कशाची, तर राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिशीची. सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात त्या दिवशी बँकांची टेबलं लागतात, गर्दी असते, अर्धे लोक नोटीस पाहूनच घामाघूम झालेले असतात. ती नोटीस म्हणजे खटला नाही, बोलणी करायचं आमंत्रण आहे. जरूर जा. तिथे सूट चांगली मिळते कारण बँकेच्या अधिकाऱ्यालाही त्या दिवशी आकडा दाखवायचा असतो. पण तिथल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करायचा. झेपत नसेल तर सही न करता परत यायलाही हरकत नसते.

समजा हुकूमनामा झालाच. तरी पगार पूर्ण जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. २८,००० पगारावर जास्तीत जास्त ९,००० ला हात लागतो. पीएफला लागत नाही. दिवाणी कैद नावाची एक तरतूद आहे आणि रिकव्हरीवाले तिचाच धाक घालतात, पण ती ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यासाठी. निव्वळ गरिबीमुळे देता येत नसेल तर माणसाला कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलं आहे.

फ्लॅटवर कार्डाच्या बँकेचं तारण नाही. घराला टाळं लावण्याची जी कारवाई आपण पेपरात वाचतो ती तारण असलेल्या कर्जासाठी असते, म्हणजे तुमच्या होम लोनच्या बँकेला ती करता येते. कार्डवाल्यांना कोर्टातून हुकूमनामा घेऊन, मग फ्लॅटवर जप्ती मागून, होम लोनच्या बँकेच्या मागे रांगेत उभं राहावं लागेल. दीड लाखासाठी हे करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. म्हणून माझं ठाम सांगणं, की होम लोनचा ११,५०० चा हप्ता एकही चुकवू नका. एजंटच्या आवाजाला घाबरून लोक कार्डाला पैसे टाकतात आणि घराचा हप्ता चुकवतात. जो ओरडत नाही त्याचं देणं खरं तर जास्त धोक्याचं असतं.

इथेच एक बारीक गोष्ट, जी शाखेत कुणी सांगत नाही. एनपीए हा शिक्का कर्जाला नाही, कर्जदाराला लागतो. एकाच बँकेत होम लोनही असेल आणि कार्डही, तर कार्ड नव्वद दिवस थकल्यावर वेळेवर चाललेलं होम लोनही एनपीए दिसू शकतं. तुमचं होम लोन तिसऱ्या बँकेत आहे म्हणून तुम्ही वाचलात. इंदिरानगरचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, कार्डाची बाकी जेमतेम नऊ हजार, तीही वार्षिक फीच्या वादातली. त्यापायी त्यांचं घराचं कर्ज बिघडलं होतं. वाद असला तरी आधी मिनिमम भरून मग भांडायचं, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो.

आता पगाराचं खातं. ६८,००० वाल्या कार्डाच्या करारात सेट-ऑफचं कलम बहुतेक असणारच. त्या कलमाच्या जोरावर बँक त्याच बँकेतल्या बचत खात्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते किंवा खात्यावर लियन लावू शकते, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवू शकते. एक तारखेला पगार जमा, दोन तारखेला खात्यात ११४ रुपये, आणि पाच तारखेला होम लोनचा हप्ता बाऊन्स. हे मी आतून घडवलेलं आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो. मिस्टरांना म्हणावं, एचआरला अर्ज देऊन पगार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घ्या. यात लपवाछपवी काही नाही. त्या बँकेला तुम्ही स्वतःहून लिहिणारच आहात, फक्त घरखर्च आधी सुरक्षित करताय.

आणि चेक. ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं. आज तुमचं देणं दिवाणी आहे. ज्या क्षणी मिस्टर पुढच्या तारखांचे तीन चेक सही करून देतील आणि त्यातला एक परत जाईल, त्या क्षणी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं. तिथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. चेक परतल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस येते, नोटिशीनंतर पंधरा दिवसांची मुदत, मग फौजदारी न्यायालयात तारखा. म्हणजे ज्या पोलीस-कोर्टाच्या भीतीने तुम्ही चेक देताय, ती भीती खरी करण्याचं काम तो चेकच करतो. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या ऑफिसात तर म्हणायचे, चेक आला की फाईलला दात आले. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापायच्या मँडेटचंही तसंच, तो बाऊन्स झाला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५ जवळपास तीच शिक्षा सांगतं. पैसे असतील तेव्हा ऑनलाइन भरा. चेक आणि मँडेट देऊ नका.

तुमच्या अंगावर काय येतं, याचं उत्तर छोटं आहे. कार्ड मिस्टरांच्या नावावर, तुम्ही जामीनदार नाही. त्यांच्या कार्डावर तुमच्या नावाचं जोड कार्ड (ॲड-ऑन) असलं तरी देणं मुख्य कार्डधारकाचंच. तुमच्या ट्यूशनच्या उत्पन्नाला, तुमच्या खात्याला, स्त्रीधनाला कुणी हात लावू शकत नाही. कार्डधारक वारला तरी वारसांची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते.

दारात आलेल्यांविषयी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं. घरच्यांना, शेजाऱ्यांना, मित्रांना सांगून बदनामी करणं, धमकी, शिवीगाळ, घाणेरडे मेसेज हे सगळं मना आहे. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. मीही त्या काळी पोरांना सांगायचो, वॉचमनला मोठ्याने नाव विचार. आज लाज वाटते, पण युक्ती चालायची, कारण माणूस कर्जापेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जास्त घाबरतो.

पुन्हा आले तर दार अर्धं उघडून, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून, ओळखपत्र आणि पत्राचा फोटो मागा. नसेल तर ‘बँकेशी लेखी बोलणं चालू आहे’ एवढंच वाक्य. घरात घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही. हट्टाने घुसले किंवा धमकावलं तर ११२. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा, तारीख, वेळ, नंबर, स्क्रीनशॉट लावून. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लोकपाल कर्ज माफ करत नाही, एवढं लक्षात ठेवा; पण तक्रार क्रमांक पडला की एजन्सीची भाषा एका दिवसात सुधारते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन लागतो.

सिबिलचं नुकसान मात्र खरं आहे आणि ते झालेलंच आहे. ३०० ते ९०० मधला तो आकडा खाली आला असेल, पण देणारी बँक आकड्याच्या खालचं पानही वाचते. तिथे मागच्या छत्तीस महिन्यांची पट्टी असते, महिनानिहाय किती दिवस उशीर. नवीन कर्ज, टू-व्हीलरचा हप्ता, सगळ्यांनाच ते दिसतं. घरात कुणी बँक भरतीची परीक्षा देत असेल तर त्यालाही सांगून ठेवा, सरकारी बँका रुजू करून घेताना उमेदवाराचा सिबिल पाहतात. सिबिलसारख्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मिस्टरांचा काढा, कारण कधी कधी थकबाकीचा आकडा तिथे वेगळाच निघतो. चूक असेल तर तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

‘तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज संपतं’ असं तुमच्या दिरांनी सांगितलंय. तीन वर्षांनी संपते ती दावा लावायची मुदत. देणं राहतं, सिबिलमधली नोंद राहते. आणि मध्ये कधी काही रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. होम लोन चालू असलेल्या, वयाच्या पस्तिशीतल्या माणसाने हा जुगार खेळू नये.

आता पैशाचं. तुमचे आकडे मांडले तर पगार २८,०००, ट्यूशनचे ६,०००. घराचा हप्ता, किराणा, वीज, शाळा, पेट्रोल जाऊन खेचून ताणून पाच-साडेपाच हजार उरतात. हे दोन कार्डांत अडीच-अडीच वाटून टाकलेत तर दोन्हीकडे व्याजातच विरतील. मी काय करीन ते सांगतो. ६८,००० वाल्या बँकेला पहिलं पत्र. त्यात पगार कमी झाल्याचा पुरावा जोडून मागायचं, की नवीन व्याज आणि लेट फी थांबवा आणि बाकीचे हप्ते बांधून द्या. कार्डाच्या बाकीचा हप्ता बांधला की व्याज बरंच खाली येतं. अठरा टक्क्यांनी चोवीस महिने धरले तर हप्ता जेमतेम ३,४०० चा. हे तुम्हाला झेपतं, आणि हे कर्ज पूर्ण फिटून ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदलं जातं.

१,४३,००० चं तुम्हाला पूर्ण झेपणार नाही, ते मान्य करून सेटलमेंटकडे, म्हणजे कमी रकमेत तडजोडीकडे, जा. पण घाई नको. पहिला आकडा एजंटने सांगितला तो ६०,००० चा. तो मिळण्यासारखा आहे का, असेल कदाचित, पण त्याच्या तोंडच्या आकड्याला काही किंमत नाही. बँकेच्या अधिकृत ई-मेलवरून पत्र हवं: कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, तारखा, आणि ही रक्कम भरल्यावर काहीही देणं उरणार नाही असं स्पष्ट वाक्य. पैसे कार्डाच्याच खात्यात भरायचे. एजंटच्या यूपीआयवर, रोखीत, ‘साहेबांच्या’ खात्यात एक रुपया नाही. भरल्यावर नो ड्यूज पत्र. सेटलमेंटची नोंद सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ अशी येते आणि ती बरीच वर्षं पाठ सोडत नाही. पुढे हात मोकळा झाला की सोडलेली रक्कम भरून ती ‘क्लोज्ड’ करून घेता येते, बँका ते करतात.

पाटल्यांबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. सोनं गहाण ठेवून मिनिमम भरणार असाल तर सराफ बाजाराकडे फिरकूही नका. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतं हे खरं, आणि सेटलमेंटचं पत्र हातात असताना एकरकमी भरून ते कार्ड कायमचं बंद होणार असेल तर गहाण ठेवण्यात अर्थ आहे. मोडण्यात नाही. आणि ओळखीच्या सावकाराकडून तर मुळीच नको. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, पण जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करण्याची वेळ येईपर्यंत माणूस पिळून निघालेला असतो. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपचंही तेच.

निफाडकडचे एक द्राक्षवाले माझ्याकडे आले होते. फवारणीची औषधं कार्डावर घेतलेली, हिशेब असा की माल गेला की एकदम भरू. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा, बिल महिन्याला एकदा. हंगामाच्या तोंडावर आलेल्या पावसाने उरलंसुरलंही नेलं. हल्ली पंचवटीतले छोटे दुकानदार तसंच बोलतात, सिंहस्थात धंदा होईल मग सगळं एकदम फेडू. तुमच्या पत्रातही ‘ओव्हरटाइम सुरू झाला की भरू’ असं वाक्य आहे. बँकेला लिहिताना ते वाक्य घालू नका. आजच्या २८,००० वर काय जमतं तेवढंच लिहा, कारण एकदा दिलेली तारीख चुकली की पुढच्या वेळी सूट मागताना तीच समोर ठेवतात.

पत्र लिहायच्या आधी एक काम. दोन्ही कार्डांची मागच्या दोन वर्षांची स्टेटमेंटं काढा आणि ‘प्रोटेक्शन’, ‘इन्शुरन्स’, ‘मेंबरशिप’ असल्या नावाने दर महिन्याला शे-दोनशे कापले गेलेत का ते ओळ-ओळ पाहा. फोनवर नुसतं ‘हो’ म्हटल्याने चिकटलेले असे प्रीमियम मी खूप पाहिलेत. तुमच्या संमतीचा पुरावा बँकेकडे नसेल तर ती रक्कम, तिच्यावरचं व्याज आणि जीएसटी परत मागता येतं, आणि सेटलमेंटची बोलणी तो आकडा वजा करूनच सुरू करायची असते. स्टेटमेंटं मिळाली की त्या ओळींवर पेनाने खूण करून मला पाठवा, पत्राचा मसुदा त्यावरून करू.